पंधरा मीटर दोरी

ज्योतीराम कड याला पोहता येतं, वजन उचलता येतं आणि गप्प बसता येतं. चौथं काही येत असेल, तर ते त्यानं स्वतःहून कधी कुणाला सांगितलेलं नाही. माणूस चाकणजवळच्या कडाचीवाडीचा, वय अठ्ठेचाळीस, अंगानं थोराड. कंपनीत त्याला सगळे ज्योतीभाऊ म्हणतात, अगदी त्याच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

नोकरी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, रिगरची. गाड्यांचे पत्रे ज्या लोखंडी साच्यांत दाबतात त्यांना तिथं डाय म्हणतात, आणि एकेक डाय बारा-बारा टनांची असते. ती क्रेननं उचलायची आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर न्यायची. क्रेन चालवणारा वेगळा. खाली उभं राहून पट्टे-साखळ्या लावणारा आणि हाताच्या इशाऱ्यावर ती क्रेन हलवणारा तो ज्योतीराम. बोट वर म्हणजे वर, हात आडवा म्हणजे थांब. तिथं 'बघू', 'बहुतेक', 'चालेल की' असला प्रकार नसतो. थांब म्हणजे थांब, मग तो इशारा झाडूवाल्यानं का केलेला असेना. बावीस वर्षांत ज्योतीरामच्या हाताखालून एकही डाय सुटलेली नाही. तो स्वतः हे सांगायचा नाही, म्हणून आपण सांगायचं.

आता असा माणूस कयाकमध्ये जाऊन कसा बसला? तर सासुरवाडीमुळं. त्याची बायको इंद्रायणी हिचं माहेर भामा आसखेड धरणाच्या पाण्याला लागून. तिच्या वडिलांचा मोठा गोठा गुरं गेल्यापासून रिकामाच होता. तीन वर्षांपूर्वी तिथं मधुवंती सरंजामे नावाची बाई एका टेम्पोत सहा लांबलचक, दोन्ही टोकांना निमुळत्या होड्या घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, एवढ्या ठेवायला जागा द्याल का?" हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून ती समुद्रात कयाक चालवायला शिकली होती, आणि आता रावेत, पुनावळे, मारुंजीकडच्या नोकरदार मंडळींना शिकवत होती. सराव धरणात, आणि हात तयार झाला की हिवाळ्यात एकदा कोकणात, खऱ्या समुद्रावर. म्हाताऱ्यानं गोठा दिला. आणि होड्या उतरवून घ्यायला जावयाला बोलावलं.

जावई आले, आणि आयटीतली पोरं कयाक मधोमध धरून कशी खेचताहेत ते बघून त्यांना राहवेना. "आवं ताई, असं उचलाल तर पोरांच्या कंबरा जातील. दोघांनी दोन टोकं धरा. आन् चालताना बोला एकमेकांशी." सहाच्या सहा होड्या त्यानं पाच मिनिटांत आत लावून घेतल्या. मधुवंतीनं ते बघितलं आणि पुढच्या रविवारी त्यालाच म्हणाली, "ज्योतीभाऊ, एकदा बसून तरी बघा."

बसला. मधल्या भोकात पाय लांब करून, दोन्हीकडं पातं असलेलं ते वल्हं हातात घेऊन बसला, आणि चौथ्या मिनिटाला उलटा झाला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेल्या पिढीतला माणूस तो, पाण्याला कशाला भितोय! वर आला तो हसतच. त्याला हसताना बघून काठावर उभी असलेली इंद्रायणी चाट पडली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याला एवढे दात आहेत हे तिला त्या दिवशी कळलं.

मग काय, लागलं वेड. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, आणि मधुवंतीचा वर्ग रविवारी. सुट्टीची अदलाबदल करता करता त्यानं निम्म्या शॉपची मिनतवारी केली. कुणाच्या मुलीच्या साखरपुड्याला शिफ्ट घेतली, कुणासाठी लागोपाठ दोन रात्रपाळ्या ओढल्या. पण रविवार सोडला नाही.

वेगात जायची त्याला हौस नव्हती. त्याला आवडायचं ते वाचवायचं शिक्षण. एखादा उलटला आणि पाण्यात पडला की आधी माणसाकडं बघायचं, मग होडीकडं. उलटलेल्या होडीचं नाक आपल्या होडीवर आडवं ओढून घ्यायचं, म्हणजे तिच्यातलं पाणी आपोआप गळून जातं. मग ती सुलटी करायची, आपल्या होडीला खेटवून घट्ट धरायची आणि पडलेल्याला म्हणायचं, पाय मार आणि पोटावर चढ. इतरांना हे जमायला दोन-दोन महिने लागले. ज्योतीरामला पहिल्याच दिवशी जमलं. का नाही जमणार? इतकी वर्षं तो हेच करत होता. वजन कुठून धरलं म्हणजे स्वतःहून येतं, एवढीच तर विद्या.

अडलं ते फक्त दोरीपाशी. दमलेल्याला ओढून नेणारा माणूस कमरेला एक पट्टा बांधतो. पट्ट्याला पिशवी, पिशवीत पंधरा मीटर दोरी, दोरीच्या टोकाला हुक. आणि पट्ट्यावर एक लाल गोळा. तो खेचला की अख्खा पट्टा एका झटक्यात उघडून गळून पडतो. ते बघून ज्योतीरामला रागच आला. "असा सुटणारा पट्टा आमच्याकडं कुनी आणला, तर त्याला गेटाबाहेर काढतील."

"समोर खडक आला आणि मागची होडी लाटेनं तिकडं खेचली गेली, तर?" मधुवंती म्हणाली. "आधी तुम्ही सुटायला हवं. नाहीतर दोघंही जाल."

त्यावर तो दोन आठवडे विचार करत होता. तिसऱ्या रविवारी येऊन म्हणाला, "बराबर हाय तुमचं." आणि त्या दिवशी पन्नास वेळा गोळा खेचून पट्टा सोडायचा सराव केला.

दिवाळी झाल्यावर मधुवंतीनं सगळ्यांसमोर तो पट्टा त्याच्या हातात दिला. "आजपासून आपल्या गटाचे दोरीवाले ज्योतीभाऊ." दोरीवाल्याची जागा सगळ्यांच्या मागं. कुणी रेंगाळलं, कुणी दमलं, कुणी पडलं, तर तो त्याचा माणूस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्योतीरामनं मान खाली घातली, पण आनंद काही लपेना. कंपनीनं त्याला हेल्मेट दिलं होतं, बूट दिले होते, दिवाळीला मिठाईचा डबा दिला होता. पण ते सगळ्यांनाच मिळतं. हा पट्टा त्याला एकट्याला मिळाला होता. रात्री जेवताना इंद्रायणी म्हणाली, "बैलं इकली आपन, तवा जू रिकामंच पडलंय. ते बी न्या की खांद्यावर." तो हसला आणि त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

आता हरिहरकाका आठल्ये. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढं जायची नाही. बासष्ट वर्षांचे, चिंचवडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, राहायला रावेतला. किडकिडीत, नीटनेटके, लाइफ जॅकेटचीसुद्धा वरपर्यंत बटणं लावणारे. निवृत्तीनंतर लोक देवळं बघतात, काकांना समुद्रात जायचं होतं. एक भूशीर, म्हणजे जमिनीचं समुद्रात घुसलेलं टोक, स्वतःच्या हातांनी वळसा घालून यायचं, एवढी एकच इच्छा. पोरं खोदून विचारायची, "काका, या वयात?" तर म्हणायचे, "या वयातच. याआधी पेपर तपासायचे होते."

माणूस गोड, पण एक रोग होता. नको म्हणायचा. चहा विचारला तर, "नको, आत्ताच झाला." पोहे दिले तर, "छे छे, एवढे कशाला?" टोपी विसरले आणि कुणी आपली दिली तर, "नको हो, ऊन कुठंय?" दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की संकोचानं घ्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरची. पहिल्याच हाकेला ताट पुढं करणारा माणूस आपल्याला हावरट वाटतो.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. सहाजण धरणाच्या पलीकडच्या काठाला जाऊन परत निघाले, आणि निम्म्यावर वारा उठला. समोरून. काका मागं पडायला लागले. ज्योतीराम त्यांच्या बाजूलाच होता. काकांचं वल्हं खांद्याच्या वर जाईना, पातं पाण्यातून नुसतंच घसरत होतं, होडीचं नाक सारखं वाऱ्याकडून ढळत होतं. ज्योतीरामला दिसत होतं की हो सगळं!

"काका, दोरी लावू का?"

"छे छे, नको हो. जमतंय मला. तुम्हाला कशाला त्रास?"

ज्योतीराम बाजूनंच वल्हवत राहिला. पाच-सात मिनिटांनी पुन्हा म्हणाला, "लावू का, काका? जरा येळ."

"नको नको. खरंच नको, ज्योतीराम. तुम्ही व्हा पुढं."

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

का नाही विचारलं? घरी जेवायला बसवलं असतं, तर हाच ज्योतीराम काकांच्या आडव्या धरलेल्या हातावरून ताटात भाकरी टाकून मोकळा झाला असता. पण कमरेला पट्टा बांधला की तो कामावर असायचा, आणि कामावर नको म्हणजे नको, थांब म्हणजे थांब. हे झालं एक. दुसरं खरं कारण त्याच्या मनात होतं आणि ते त्याला स्वतःला कबूल करायला आठ दिवस लागले. काका मास्तर. पिंपरी-चिंचवडमधल्या शेकडो इंजिनियरांना त्यांनी गणित शिकवलेलं. आणि ज्योतीराम दहावीला गणितातच नापास होऊन बसलेला. अशा माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुम्ही दमलाय, तुम्हाला जमत नाही?

दहा मिनिटांनी लाटेनं काकांची होडी आडवी झाली आणि काका गेले पाण्यात.

ज्योतीराम पोचला तोवर होडी वाऱ्यानं दूर चालली होती. होडी जाऊ दे! त्यानं आधी काकांना धरलं. काकांच्या पोटरीत गोळा आला होता, नाकातोंडात पाणी गेलं होतं. "माझ्या होडीचं नाक धरा, सोडू नका," असं म्हणत त्यानं तसंच वल्हवत होडी गाठली, पाणी काढलं, सुलटी केली. काका चढायला गेले आणि घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. हातांत जोरच नव्हता. शेवटी ज्योतीरामनं लाइफ जॅकेटचे दोन्ही खांदे धरले आणि गोणी ओढावी तसं त्यांना वर घेतलं. काकांचे ओठ निळे पडले होते आणि तशातही ते म्हणत होते, "सॉरी हं. तुम्हाला उगाच त्रास झाला."

काका दोन दिवसांत बरे झाले. पण घरी त्यांच्या पत्नी नीलिमाकाकूंनी निकाल लावला. "आणखी एकदा पाण्यात पडलात, की कयाक बंद. मग समुद्र बघायचा तो गच्चीवरून." रावेतच्या गच्चीवरून एक्स्प्रेस वे दिसतो, समुद्र कुठला दिसायला? पण काकांना त्यातला अर्थ कळला.

ज्योतीराम मात्र बरा झाला नाही. पुढच्या रविवारी त्यानं पट्टा धुऊन, वाळवून, दोरी नीट गुंडाळून मधुवंतीपुढं ठेवला. "ह्ये घ्या, ताई. मला न्हाई जमायचं."

"का? काकांना वर कुणी काढलं?"

"वर काडायची येळच याया नको हुती. मला दिसत हुतं. दोनदा इचारलं, दोनदा नको म्हनले. मास्तर मानूस, पुढं काय बोलनार?"

मधुवंती त्याच्या समोर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. "ज्योतीभाऊ, तुम्ही विचारलंत हीच चूक झाली. दमलेल्या माणसाला विचारायचं नसतं. पाण्यावर त्याच्या तोंडाचं ऐकायचं नाही, हाताचं ऐकायचं. वल्हं सांगतंय दमलोय, तर ते खरं. डाय उचलायच्या आधी तुम्ही डायला विचारता का, की बाई, उचलू का तुला?"

"डाय नको म्हनत न्हाई."

"म्हणूनच माणसं डायपेक्षा अवघड. भीड भिकेची बहीण म्हणतात ना? जमिनीवर ती भिकेला लावते, पाण्यात बुडवते. पट्टा मी परत घेत नाही. घेऊन जा."

घेऊन गेला. पण आता तो पट्टा कमरेला टोचायला लागला. डिसेंबरभर तो रविवारी यायचा, मागं राहायचा, आणि मनात एकच घोकायचा. पुन्हा अशी वेळ आली तर मला जमेल का? काकांना पुन्हा पडू दिलं तर त्यांचा समुद्र संपणार होता, आणि मग हा पट्टा आपण कुठल्या तोंडानं बांधायचा? इंद्रायणीनं एकदा विचारलं, "काय हुतंय तुमाला?" तर म्हणाला, "काय न्हाई." ती म्हणाली, "व्हय, दिसतंय ते."

जानेवारीच्या शेवटी सगळे समुद्राकडं निघाले. अलिबागच्या पुढं एका लहानशा गावाचा किनारा, दक्षिणेला वल्हवत दोन तासांवर ते भूशीर. काका होते, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला नीलिमाकाकूही आल्या होत्या. सकाळी होड्या वाळूत लावत असताना त्या ज्योतीरामपाशी आल्या.

"एक सांगू का? आमचे हे नकोच म्हणणार. छत्तीस वर्षं बघतेय. जेवायला नको म्हणतात आणि चार पोळ्या खातात. ताप आला तरी म्हणतात, काही नाही, जरा ऊन लागलंय. तुम्ही ऐकू नका त्यांचं."

"पन वहिनी, वळखायचं कसं? वल्हं तर वाऱ्यानं बी हलतंय."

काकू हसल्या. "ते दमले ना, की पुटपुटत पाढे म्हणतात. मुलींच्या बारशाला, माझ्या ऑपरेशनला, सिंहगड चढताना. पाढे ऐकू आले की समजायचं, संपली यांची ताकद."

जाताना समुद्र तळ्यासारखा होता. साडेदहाला काकांनी ते भूशीर ओलांडलं. खडकांवर पाणी फुटत होतं, बाहेरून वळसा घेतला, आणि पलीकडचा किनारा दिसल्याबरोबर काकांनी वल्हं मांडीवर ठेवून दोन्ही हात वर केले. पोरं ओरडली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते चष्मा पुसत राहिले, जसं काही खारं पाणीच उडालंय. ज्योतीरामला फार बरं वाटलं. म्हणाला, "झालं काका, जिंकलात." आणि मनात म्हणाला, अजून परत जायचंय.

वारा एरवी दुपारी उठतो. त्या दिवशी साडेअकरालाच, परतीच्या निम्म्या वाटेवर उठला, वायव्येकडून, म्हणजे बरोबर तोंडावर. मधुवंतीनं सगळ्यांना जवळजवळ घेतलं आणि किनाऱ्यालगत, पण लाटा फुटतात त्याच्या बाहेरून, पुढं नेलं. ज्योतीराम मागं, काकांच्या शेजारी. अर्धा तास काका बरे चालले. मग पातं खाली उतरलं. मग खांदे आत गेले. दोघं आणि गट यांच्यात अंतर पडायला लागलं.

ज्योतीरामच्या ओठांवर प्रश्न आला होता. लावू का? त्यानं तो गिळला. पण हातही हलेना. काकांचा चेहरा सरळ, ओठ घट्ट, डोळे पुढं. इतका मानी माणूस, आजचा दिवस त्यांचा, आणि सगळ्यांच्या देखत त्यांना दोरीनं ओढायचं? जरा वेळ बघू. होईल बहुतेक. चालेल की. प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं ज्या शब्दांना थारा दिला नव्हता, ते सगळे एकदम त्याच्या डोक्यात येऊन बसले.

तेवढ्यात त्याला पुटपुटणं ऐकू आलं.

"एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

वारा आला, आवाज गेला. ज्योतीरामनं होडी आणखी जवळ घेतली.

"एकोणतीस त्रिक... एकोणतीस त्रिक... शहाऐंशी..."

गणितात बसलेला असला म्हणून काय झालं, शाळेत छड्या खाऊन पाठ केलेला पाढा माणूस विसरतो का? सत्त्याऐंशी! आठल्ये मास्तर एकोणतीस त्रिकला चुकले! त्याच्यापुढं ना मास्तर राहिले ना इंजिनियर. क्रेनखाली वजन हलताना दिसावं, तेवढं स्वच्छ दिसलं त्याला. हा माणूस आता पडणार.

त्यानं होडी पुढं काढली, अर्धी वळवली, काकांच्या होडीच्या नाकाशी आला आणि हुक कडीत अडकवला. टक्. नाकावरच्या त्या कडीपर्यंत आत बसलेल्याचा हात पोचत नाही. काकांना हुक काढायचा म्हटलं तरी काढता आला नसता.

"अहो, हे काय? नको, ज्योतीराम! जमतंय मला!"

"काका," ज्योतीराम म्हणाला, "मी इचारलं न्हाई."

आणि वळून ओढायला लागला. दोरी ताठ झाली, कमरेला हिसका बसला आणि मागची होडी आली. त्यानं एकदा लाल गोळा चाचपून बघितला, जागेवर होता. मग खाली मान घालून तो वल्हवत राहिला. लाट आली की दोरी सैल पडायची, लाट गेली की कचकन ताणायची. दंड भरून आले, पाठीतून कळा यायला लागल्या. मागून आवाज नव्हता. रागावले असतील, रागावू देत. बोलणार नाहीत आयुष्यभर, नाही तर नाही. पण कोरडे परत जातील. त्याला मनातून वाईट वाटत होतं आणि तरी फार दिवसांनी तो पट्टा टोचत नव्हता.

पाऊण तासानं एका टेकडीचा आडोसा आला आणि वारा पडला. पाणी निवळलं. किनाऱ्यावर काकूंची पिवळी साडी दिसायला लागली. ज्योतीरामनं जरा हात थांबवले, तशी काकांची होडी आपल्या वेगानं सरकत त्याच्या बाजूला आली. काकांची धाप ओसरली होती. चष्म्यावर मीठ साचलं होतं.

"ज्योतीराम."

"रागावलात का, काका?"

"ऐक. त्या दिवशी धरणावर..."

"जाऊ द्या की आता त्ये."

"नाही, ऐक तू. त्या दिवशीसुद्धा मला दोरी हवी होती रे. तू पहिल्यांदा विचारलंस ना, तेव्हाच हवी होती." काकांनी वल्हं मांडीवर ठेवलं. "तू तिसऱ्यांदा विचारशील म्हणून मी वाट बघत होतो."

दोन महिने! दोन महिने ज्योतीरामनं स्वतःला खाल्लं होतं, जेवण गोड लागलं नव्हतं, आणि हे मास्तर पाण्यात बसून आग्रहाची वाट बघत होते! त्याला आधी राग आला, मग हसूच फुटलं, आणि ते दोन्ही एकदमच इतक्या मोठ्यानं बाहेर पडलं की पुढची सगळीच माणसं माना वळवून बघायला लागली.

"आवं मास्तर, मग बोलायचं न्हाई व्हय!"

काकांनी चष्मा काढला. ओल्या बाहीनं डोळे पुसले.

"नाही रे येत बोलता," ते म्हणाले. "तू आपली लावत जा."